घोड्याचं बघून येते

हॅटीच्या ओल्या चड्ड्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरी यायच्या. चर्चच्या तळघरातल्या त्या बालवाडीत दाराशी मुलांच्या कोटांसाठी खुंट्या होत्या. खुंटीवर नाव, नावाशेजारी एकेक प्राणी. हॅटीच्या वाट्याला कासव आलं होतं आणि कासवाच्या खाली रोज ती पिशवी लटकलेली असायची. पोरांना न्यायला आलेल्या आया मोठ्या सभ्य. कुणी पिशवीकडे बघायचं नाही, आणि ज्या तऱ्हेने बघायच्या नाहीत त्यावरूनच कळायचं, की सगळ्यांची ती पाहून झालेली आहे.

हॅटीची आई जनेल ती पिशवी काढून कोटाच्या खिशात कोंबायची, पोरीच्या डोक्यावर टोपी ओढायची आणि खाली मान घालून जिना चढायची. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ. पोरीच्या अंगावर शाळेतली उसनी विजार, कधी निळी, कधी गुलाबी फुलांची. गावात बालवाडी ही एकच. ही सुटली तर पोर ठेवायची कुठे, हा प्रश्न जिन्याच्या प्रत्येक पायरीवर जनेलच्या डोक्यात असायचा.

नाव हॅटी, पण हट्टी म्हणावी अशी ती पोर मुळीच नव्हती. अजून चार पुरी व्हायची होती. बसवाल तिथे बसायची, वाढाल ते खायची, दुसऱ्याने हातातलं खेळणं घेतलं तर तो ते कसं खेळतो हे बघत राहायची. आजोबांच्या हाताखाली वाढलेली मुलं असतात तशी थोडी म्हातारी. हॅटीचा बाप विलिस्टनला तेलाच्या विहिरींवर गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा जनेल पोरीला घेऊन वडिलांच्या शेतावर राहायला आली. जनेल धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायला अंधारात जायची ती अंधारातच परत यायची. दिवसभर शेतावर ऑर्विल आजोबा, हॅटी आणि दोन म्हातारे घोडे.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हॅटीला लंगोट लागायचे, शेवटी लागत नव्हते. जनेलला त्यातलं काहीच करावं लागलं नाही.

"बाबा, केलंत तरी कसं हे?" तिने विचारलं होतं.

"अगं, जन्मभर शिंगरं शिकवली मी," ऑर्विल म्हणाले होते. "हिला तर बोलतासुद्धा येतं."

सप्टेंबरात एका सकाळी ते खुर्चीतून उठायला गेले आणि खाली पडले, ते गेलेच. शेत चालवणं जनेल आणि तिची थोरली बहीण, दोघींपैकी एकीलाही झेपणारं नव्हतं. शेत गेलं, घोडे लिलावात गेले आणि जनेल पोरीला घेऊन गावात खाटकाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आली. त्या खोल्यांत संडास स्वयंपाकघराला लागूनच. दार उघडं, हॅटी आपली आपण जाऊन यायची. विचारायची वेळच यायची नाही. म्हणून बालवाडीतून पहिल्यांदा निरोप आला तेव्हा जनेलला खरंच वाटेना.

बालवाडीच्या मिस कर्स्टन फार्गोहून शिकून आलेल्या. वयाने लहान, मनाने चांगल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचणाऱ्याला त्यांचा राग येईल. त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून शंभरदा कानावर पडायचं: शब्दांत सांग. मूल रडलं, शब्दांत सांग. एकाने दुसऱ्याला ढकललं, शब्दांत सांग. कुणी पाय आपटले, शब्दांत सांग. गावातली बेरकी पोरं आठवड्यात शिकली, आणि घरी जाऊन बापाला तेच ऐकवू लागली.

चड्डी ओली केली म्हणून तिथे कुणाला शिक्षा नव्हती. मिस कर्स्टन कधी ओरडल्या नाहीत, पुसताना नाक मुरडलं नाही. शिक्षा होती ती गोष्ट चालू असताना मध्येच बोलण्याची. त्यासाठी खिडकीखाली एक लाकडी खुर्ची होती, तिला विचाराची खुर्ची म्हणायचे. मध्ये बोललेल्या मुलाने तिथे बसून आपलं काय चुकलं याचा विचार करायचा. साडेतीन-चार वर्षांची पोरं कसला विचार करणार? पाय हलवत बसायची. हॅटी मात्र पाय घट्ट जुळवून बसायची, आणि थोड्या वेळाने खुर्चीवरून खाली ठिबकायला लागायचं.

"मला कळत नाही, जनेल," मिस कर्स्टन एका संध्याकाळी खुंट्यांपाशी हळू आवाजात म्हणाल्या. "सगळी मुलं गोलात बसलेली असतात, आणि ही उठून घोड्याचं काढते."

"घोड्याचं?"

"'मला घोड्याचं बघायचंय.' रोज! मी म्हणते, हॅटी, आत्ता घोडा नाही, आत्ता गोष्ट. की परत तेच. मग खुर्ची. मग हे असं. तुमच्याकडे घोडे होते का?"

"होते," जनेल पिशवी खिशात कोंबत म्हणाली. "बाबांचे. लिलावात विकले."

"अरे देवा," मिस कर्स्टन म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

झालं. त्या दिवसापासून सगळ्यांना हॅटीचं दुःख कळलं. चर्चच्या बायकांना कळलं, पाद्रीबाईंना कळलं. मंगळवारी जिल्ह्याकडून एक समुपदेशक बाई यायच्या, त्यांना तर पुरतंच कळलं. पोर आजोबांसाठी झुरते आहे, म्हणाल्या. आजोबांचं नाव घेता येत नाही म्हणून घोड्याचं घेते, आणि मनात मावत नाही ते असं बाहेर पडतं. उपाय काय, तर घोड्याचा विषय वाढवायचा नाही. गोंजारायचं नाही. घोडे विकले, आजोबा गेले, हे खरं ते साध्या शब्दांत सांगायचं, म्हणजे मूल सावरतं. इतकी शहाणी माणसं एका पोरीभोवती जमली होती, आणि पोर त्यांना सांगत काय होती!

कोठारावर ड्वेन नावाचा मुकादम होता. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. दिवसात दोनदा चड्डी ओली झाली की मुलाला घरी न्यायचं, असा बालवाडीचा नियम. फोन वाजला की जनेल कोट चढवायची, आणि ड्वेनने काट्यापाशी उभं राहायचं.

"पुन्हा?" तो म्हणायचा. "जनेल, आपलं छप्पर जास्त गळतं की तुझी पोरगी, एकदा बघायला पाहिजे."

"लहान आहे रे ती."

"माझी चार लहान होती. एकही असली गळत नव्हती." मग जरा ओशाळून, "जा, जा. पण सुगी लागली की मी असं नाही चालवून घेणार हं. तेव्हा माणूस काट्यावर पाहिजे म्हणजे पाहिजे."

अशाच एका दुपारी ती हॅटीला घेऊन घरी निघाली होती. रात्रीची झोप नाही, ड्वेनचे टोमणे, उसनी विजार धुऊन परत करायची. गाव पांढरं, आभाळ पांढरं. मागच्या सीटवरून आवाज आला,

"आई, मला घोड्याचं बघायचंय."

जनेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, साध्या शब्दांत. साधे शब्द मनात ठेवून ती मागे वळली, पण तोंडातून निघाले ते वेगळ्याच आवाजात.

"घोडे विकले, हॅटी! आजोबा गेले. आता घोड्याचं कधीच बघायचं नाही. पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही. कळलं?"

हॅटी तिच्याकडे बघत राहिली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"कळलं," हॅटी म्हणाली.

घरापाशी पट्टे सोडवताना पाहिलं तर सीट भिजलेली होती. जनेलने पोरीच्या मांडीवर चापट मारली. आजवर तिने कधी हात उगारला नव्हता. चापट जोरात नव्हती, पण ओल्या कापडावर तिचा आवाज मोठा झाला, आणि दोघीही दचकल्या.

त्यानंतर हॅटीने घोड्याचं नाव काढलं नाही. मिस कर्स्टनना वाटलं, पोर सावरली. जनेललाही दोन दिवस तसंच वाटलं. मग घरात, जिथे कधी घडलं नव्हतं, तिथे घडायला लागलं. उघड्या दाराच्या संडासापासून चार हातांवर पोर उभी राहायची, ओठ आवळून, गुडघे जुळवून. विचारलं तर मान हलवायची, नको. रेडिएटरच्या मागे लपवलेल्या चड्ड्या सापडायला लागल्या, वाळून पापडासारख्या झालेल्या. रात्री गादी भिजायची. आई रागावली तर पोर रडायचीही नाही. शाळेत पाणी पिणं बंद केलं तिने. एकदा तर दिवसभर धरून ठेवलं आणि संध्याकाळी पोट दुखून कळवळली.

महिनाअखेर मिस कर्स्टन आणि पाद्रीबाईंनी जनेलला तळघराच्या स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात कॉफी ठेवली, लिंबाची वडी ठेवली. वडी पाहिल्यावरच जनेल समजली.

"तयार झाली की आण परत," पाद्रीबाई म्हणाल्या. "दार काही बंद नाही."

"तयारच होती ती," जनेल म्हणाली. "उन्हाळ्यात तयार होती. हे काय झालंय तेच मला कळत नाहीये. थोडे दिवस द्या. हात जोडते."

"बाहेर किती जण जागेची वाट बघताहेत, तुला माहीत आहे ना गं."

मिस कर्स्टननी वडीचे बारीक तुकडे केले आणि एकही खाल्ला नाही.

मग राहिली लोआन. जनेलची थोरली बहीण, लांब मोंटानात बिलिंग्जला राहणारी. मोठं घर, मुलं शिकायला बाहेर गेलेली. फोनवर ती म्हणाली, "आण तिला इकडे. शाळेचं वय होईपर्यंत राहील. मला काय जड आहे?" शाळेचं वय म्हणजे पुढच्या वर्षीचा सप्टेंबर. म्हणजे आई पोरीला महिन्यातून एकदा बघणार, तेही रस्ते बर्फाने बंद नसले तर. जनेल फोनवर "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नोकरी सोडून खायचं काय, आणि नोकरी ठेवून पोर कुणाच्या ओटीत घालायची? मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ती पोटभर रडली.

रविवारी सकाळी दोघी निघाल्या. हॅटीच्या खाली जनेलने जुना टॉवेल चौपदरी घालून ठेवला होता. वाटेत पोरीने एकदाच विचारलं, "लोआन मावशीकडे किती झोपा?" जनेल म्हणाली, "खूप." हॅटीने पुढे विचारलं नाही. थोड्या वेळाने तिला झोप लागली.

राज्याची हद्द ओलांडल्यावर मोंटानात एका पेट्रोल पंपावर जनेल थांबली. पोर झोपलेली, गाडी दारासमोर, काचेतून दिसणारी. म्हणून ती दूध घ्यायला पटकन आत गेली. आत खिडकीशी टोप्या घातलेले चार म्हातारे कॉफी पीत बसले होते, रविवारची प्रार्थना चुकवून बसतात तसे. त्यातला एक टेबलाला हात टेकत उठला.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "मी जरा घोड्याचं बघून येतो."

"जप रे," दुसरा म्हणाला. "तुझ्या वयाला घोडा थांबत नाही!"

"आताशा तर दारापर्यंतसुद्धा थांबत नाही," तिसरा म्हणाला, आणि सगळे खोकत खोकत हसले.

म्हातारा पाय ओढत मागच्या बाजूला गेला आणि पुरुषांच्या संडासात शिरला.

जनेल दुधाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. त्या भागातल्या जुन्या माणसांची ही रीत. चारचौघांत, त्यातून बायामाणसांसमोर, उठायचं तर संडासाचं नाव काढायचं नाही. घोड्याच्या सौद्याचं निमित्त करायचं. तिच्या आईला ते खपत नसे. 'माझ्या घरात हे गावठी बोलणं नको' असं तिने ऑर्विलना बजावलं होतं, म्हणून मुलींच्या कानावर ते घरात कधी पडलं नाही. पण लहानपणी बाबांबरोबर कोठारावर गेलं की तिथल्या बाकावरून एखादा म्हातारा असंच म्हणत उठायचा, आणि बाबा हसायचे. ते तिला आत्ता आठवलं. आई वारली, मुली आपापल्या संसाराला गेल्या, म्हातारा एकटा राहिला, आणि पुढे जनेल नोकरीवर असताना त्याने नातीला आपल्या भाषेत शिकवलं. त्यात चुकलं काय? पोर तीच भाषा घेऊन शाळेत गेली. मिस कर्स्टन म्हणाल्या, शब्दांत सांग. तिने शब्दांत सांगितलं. रोज सांगितलं. नीट विचारून, गोलातून उठून, आजोबांनी शिकवलं तसं.

दुधाचे पैसे दिले की नाही हेही जनेलला कळलं नाही. बाहेर येऊन गाडीला टेकून तिने मिस कर्स्टनना फोन लावला, आणि सगळं एका दमात सांगितलं.

"मी तिला खुर्चीवर बसवायचे," मिस कर्स्टन म्हणाल्या. "जनेल, ती मला विचारायची आणि मी तिला खुर्चीवर बसवायचे."

"मी मारलं तिला," जनेल म्हणाली.

मग तिने डोळे पुसून विचारलं, "जागा आहे का अजून?"

"शुक्रवारीच दिली. नव्या दंतवैद्याच्या मुलाला. मी उद्या बोलून बघते पाद्रीबाईंशी, पण... तुम्हाला खोटी आशा लावत नाही. पुढच्या शरद ऋतूच्या आधी नाही होणार."

पुढच्या शरद ऋतूच्या आधी सुगी होती. उद्या सकाळी काट्यावर हजर राहायचं होतं. पोरीचं सगळं सामान मागे बांधून ठेवलेलं होतं, बिलिंग्जला लोआनने खोलीला पिवळा रंगही दिला होता. खरं कळलं म्हणून यातलं काहीच हललं नाही.

हॅटी जागी झाली होती. काचेतून आईकडे बघत होती, ओठ आवळून. जनेलने दार उघडलं.

"हॅटी," ती म्हणाली, "चल, घोड्याचं बघून येऊ."

पोरीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"घोडे विकले," हॅटी म्हणाली. "कधीच बघायचं नाही. तू म्हणालीस."

"मी चुकले. मला माहीत नव्हतं गं. तो घोडा वेगळा. तो कुणी विकत नाही."

हॅटीने ते ऐकून घेतलं, आईच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हात पुढे केले. जनेलने तिला उचलून आत नेलं, म्हाताऱ्यांच्या टेबलाशेजारून, बायकांच्या संडासात. टॉवेल कोरडा होता. पोरीने सकाळपासून धरून ठेवलं होतं. भांड्यावर बसवल्यावरही काही होईना. हॅटी नुसती वाट बघत बसली.

"काय झालं, बाळा?"

"तू विचार ना."

"काय विचारू?"

"आजोबा विचारतात ते. दाराबाहेरून."

जनेल बाहेर आली. दार लोटून घेतलं. त्या थंड फरशीवर उभं राहून तिने कपाळ दाराला लावलं.

"घोडा कसा आहे?" तिने विचारलं.

"तसं नाही."

"घोडा... सापडला का घोडा?"

"नाही गं."

"पाणी प्यायला का? खरारा केला का त्याला? हॅटी, काय विचारायचे आजोबा? सांग ना मला, मी तसंच विचारते."

पोर आठवत होती, किंवा तिला सांगता येत नव्हतं. ते तिने कधी म्हटलंच नव्हतं, नेहमी ऐकलं होतं. आणि ज्याने म्हटलं होतं तो मातीखाली होता.

"असू दे आई," आतून आवाज आला. "तुला येत नाही."

मग, बऱ्याच वेळाने, धार लागली.

जनेलने तिला पुसलं, विजार वर ओढली, दोघींनी हात धुतले. "शाबास," ती म्हणाली, आणि पोरीला पोटाशी धरून तशीच थोडा वेळ उभी राहिली. म्हाताऱ्यांपैकी एकाने हॅटीला टोपी उचलून सलाम केला. गाडी तिने पश्चिमेकडेच, बिलिंग्जच्या वाटेला वळवली.

बराच रस्ता मागे पडल्यावर मागून हॅटीने विचारलं, "लोआन मावशीला येतं का?"

"काय, बाळा?"

"दाराबाहेरून विचारायला."

"नाही," जनेल म्हणाली. "तिलाही नाही येत."